मानेतली धमनी आणि वर्गव्यवस्थेची गाठ

गेल्या आवणीच्या दिवसांत तलासरी तालुक्यातील लाल बावट्याच्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या हातातून भाताच्या रोपांची मूठ गळून पडली. उजवा हात लुळा पडला, बोलायला गेला तर शब्द जुळेनात. बायामाणसांनी त्याला बांधावर बसवले, पाणी पाजले. दहा-पंधरा मिनिटांत हात हलू लागला, वाचा परतली, आणि 'थकव्याने झाले असेल' असे म्हणून गडी पुन्हा चिखलात उतरला. अठराव्या दिवशी पहाटे त्याची उजवी बाजू गेली ती गेलीच. पुढे कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून त्याला मुंबईस नेले, तेव्हा तपासणीत कळले की मानेच्या डाव्या बाजूची धमनी चोंदत आली होती. शेतातल्या त्या दहा मिनिटांत शरीराने नोटीस बजावली होती. ती वाचणारे जवळपास कोणी नव्हते.

दोन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या डाव्या डोळ्यापुढे पाच मिनिटे काळा पडदा उतरला होता. त्याच दिवशी डॉक्टर भेटले, दुसऱ्या दिवशी मानेची डॉप्लर सोनोग्राफी झाली, धमनी तीन चतुर्थांशांहून अधिक बंद असल्याचे दिसले आणि नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मी आज हा लेख लिहीत आहे. धमनी तीच, बाजू तीच, वयही जवळपास तेच. फरक एवढाच की मी शहरात राहणारा निवृत्तिवेतनधारक प्राध्यापक आणि तो डोंगरपट्टीतला वारली शेतकरी. या फरकाला कोणी नशीब म्हणत असेल तर त्याने अर्थशास्त्रही वाचलेले नाही आणि डहाणू-तलासरीचा इतिहासही.

रोग काय आणि उपाय कोणते

विषय वैद्यकाचा असला तरी कार्यकर्त्याने तो समजून घेतलाच पाहिजे. जी गोष्ट आपल्याला समजत नाही, तिच्यासाठी आपण लढू शकत नाही.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या जातात. डॉक्टर त्यांना कॅरोटिड म्हणतात. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि रक्तातील चरबी यांमुळे या धमनीच्या आतील अंगास वर्षानुवर्षे थर साचतो आणि वाट अरुंद होते. त्या थराचा कण किंवा त्यावर जमलेली रक्ताची गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. गुठळी लहान असून लगेच विरघळली तर हात, चेहरा, वाचा किंवा एका डोळ्याची दृष्टी काही मिनिटे जाते आणि परत येते. हा क्षणिक झटका म्हणजे मोठ्या झटक्याची पूर्वसूचना होय, आणि धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत अधिक असतो.

उपाय तीन आहेत. पहिला औषधांचा: रक्त गोठू न देणारी अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी, चरबी कमी करणारी स्टॅटिन गटातील गोळी, रक्तदाबाची गोळी आणि तंबाखू सोडणे. दुसरा शस्त्रक्रियेचा: मानेवर छेद घेऊन, धमनी उघडून आतला थर काढून टाकणे. ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात अमेरिकेत व इंग्लंडमध्ये सुरू झाली. तिसरा, जांघेतून किंवा मानेजवळून नळी घालून अरुंद जागी धातूच्या जाळीचा स्टेंट बसवणे.

यांपैकी कोणता केव्हा, याचे उत्तर शास्त्राने मोजून दिलेले आहे. ज्यांना झटका येऊन गेला आहे आणि ज्यांची धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद आहे, अशा रुग्णांचा उत्तर अमेरिकेतील मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ औषधांवर ठेवलेल्या शंभरांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्या शंभरांपैकी ९ जणांना. हा लाभ झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर सर्वाधिक असतो. मग तो ओसरत जातो. अरुंदी ५० टक्क्यांहून कमी असेल तर चाकू लावण्यात अर्थ नाही. धमनी संपूर्ण बंद झाली असेल तरीही सामान्यतः ती उघडत नाहीत. सत्तरीपुढच्या रुग्णात स्टेंट बसवताना पक्षाघाताचा धोका शस्त्रक्रियेहून अधिक आढळला आहे.

ज्यांना कधीच झटका आलेला नाही, केवळ तपासणीत अरुंदी सापडली, त्यांचा हिशेब वेगळा आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत अशा रुग्णांना स्टेंटचा काही फायदा दिसला, शस्त्रक्रियेचा निर्विवाद फायदा दिसला नाही. पण त्याच चाचणीत चोख औषधोपचारावर ठेवलेल्या शंभरांपैकी साधारण ९४ जण चार वर्षे सुखरूप राहिले. म्हणजे नियमित मिळणारी, नियमित घेतलेली स्वस्त गोळी हीच या रोगावरची पहिली आणि मुख्य चिकित्सा आहे. शस्त्रक्रिया व स्टेंट हे निवडक रुग्णांसाठी, वेळेवर आणि सराव असलेल्या हातांनी करण्याचे उपाय आहेत. शस्त्रक्रियेतच पक्षाघात वा मृत्यू येण्याचे प्रमाण झटका आलेल्यांत शंभरी सहाच्या आणि न आलेल्यांत शंभरी तीनच्या वर गेले, तर लाभाचा हिशेबच कोलमडतो.

'ही श्रीमंतांची दुखणी!'

येथे आपल्याच काही मित्रांचा आक्षेप येतो. ते म्हणतात, "पालघर जिल्ह्यात कुपोषण आहे, बाळंतपणाला डॉक्टर नाही, सर्पदंशाला लस नाही, आणि तुम्ही मानेतल्या धमनीचे काय घेऊन बसलात? ही मुंबईच्या शेठजींची दुखणी आहेत." हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. देशातील दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे, असे त्यात नमूद आहे. गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ग्रामीण भागात मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे होते. दर सात मृत्यूंत एक पक्षाघाताचा, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू घरच्या घरी! ज्या रोगाने माणूस दवाखान्याची पायरी न चढताच मरतो, तो सरकारी आकड्यांत दिसत नाही. आणि आकड्यांत दिसत नाही म्हणून तो गरिबांना होतच नाही, असे आपण धरून चालतो. गरिबाला पोटभर अन्न नाही हे खरे. पण म्हणून त्याच्या धमन्या लोखंडाच्या झालेल्या नाहीत.

आदिवासी बालकांचा प्रश्न तर याहून तीव्र आहे. सिकलसेल हा रक्तदोष पालघरच्या आदिवासी भागातही आहे. या आजारात मानेतील याच धमनीचे कवटीत शिरल्यानंतरचे टोक लहान वयातच अरुंद होऊ शकते आणि मुलाला पक्षाघात होऊ शकतो. डोक्याच्या डॉप्लर तपासणीने ही मुले आधी ओळखता येतात. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो, हे १९९८ सालीच सिद्ध झाले. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीचाही उपयोग नंतर दिसून आला. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम मोठ्या थाटात जाहीर केली. सात कोटी लोकांच्या रक्ततपासणीचे लक्ष्य ठेवले, २०४७ ची मुदत घातली. पण कार्ड वाटून निर्मूलन होत नसते. ज्या मुलाच्या कार्डावर रोग लिहिला गेला त्याच्या डोक्याची तपासणी झाली काय, त्याला महिन्याच्या महिन्याला गोळी मिळते काय, हा खरा प्रश्न आहे.

बाजाराचा न्याय

भांडवली अर्थशास्त्र सांगते की मागणी तेथे पुरवठा. आरोग्याच्या क्षेत्रात हा सिद्धांत टिकत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवले; आणि अ‍ॅरो काही मार्क्सवादी नव्हते. रुग्णाला काय हवे हे विक्रेताच ठरवतो, तेथे ग्राहकाचे स्वातंत्र्य हा शब्द निरर्थक ठरतो.

मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया हे याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेत १९७१ मध्ये अशा सुमारे १५ हजार शस्त्रक्रिया झाल्या, १९८५ मध्ये १ लाख ७ हजार! तोवर तिचा उपयोग निर्णायकपणे सिद्ध झालेला नव्हता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वृद्ध रुग्णांवरील या शस्त्रक्रियांपैकी जेमतेम ३५ टक्के योग्य कारणासाठी, ३२ टक्के संशयास्पद आणि ३२ टक्के सरळसरळ अनुचित आढळल्या. ज्याच्याकडे पैसा वा विमा आहे त्याची धमनी गरज नसता कापायची आणि ज्याला गरज आहे त्याला दारातही उभे करायचे नाही: बाजाराचा न्याय तो हाच.

आपल्याकडे काय चालले आहे? फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राला हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घालावी लागली. साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी हाच माल रुग्णाच्या गळ्यात लाखाच्या घरात मारला जात होता. मर्यादा घातल्यावर आकाश कोसळले नाही. स्टेंट मिळतच राहिले. म्हणजे नियमन शक्य आहे. पण तो आदेश हृदयाच्या धमनीपुरता होता. मानेच्या धमनीला बाजाराच्या हवाली करण्यामागे कोणते शास्त्र आहे?

विम्याचे मृगजळ

सत्ताधारी म्हणतील, "आम्ही पाच लाखांचे कार्ड दिले आहे." २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये ती महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली, २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली, पुढे राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण जाहीर झाले. या योजनांतून काही जीव वाचले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांची रचना पाहा. रुग्ण खाटेवर झोपला की पैसा सुटतो. तो झोपू नये म्हणून लागणारी रोजची गोळी, महिन्याची तपासणी, डहाणूहून मुंबईपर्यंतचा सव्वाशे किलोमीटरचा प्रवास आणि बुडालेली मजुरी या कशालाच या योजना हात लावत नाहीत. जनतेचा पैसा खासगी रुग्णालयांकडे वाहतो आणि उपकेंद्रातील गोळ्यांचे कपाट रिकामे राहते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१–२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. त्याच वर्षी सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत हा खर्च अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२५ उलटून गेले; वचन कागदावरच आहे.

"पैसा कोठून आणायचा?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाढवणकडे बोट दाखवावे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या बंदराची पायाभरणी झाली, त्याचा अंदाजित खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये आहे. याच तालुक्यांतून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, द्रुतगती महामार्ग जातो. मासेमार आणि बागायतदार विरोध करीत असतानाही त्यासाठी पैसा, जमीन, पोलीस सारे काही मिळते. अर्थखात्याचे पंडित म्हणतात, बंदर ही गुंतवणूक आणि औषध हा खर्च. हा शुद्ध शब्दच्छल आहे. वीटभट्टीवर, मिठागरात, मासेमारीच्या होडीवर राबणारा माणूस पक्षाघाताने पडला की दोन मजुऱ्या बुडतात. एक त्याची, दुसरी त्याला सांभाळण्यासाठी घरी बसलेल्या बाईची. मुलीची शाळा सुटते, बैल विकला जातो, जमीन गहाण पडते. ज्या हिशेबात हे नुकसान धरलेले नाही तो हिशेब मुळातच खोटा आहे.

इतिहास काय शिकवतो

१९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झरीच्या सभेतून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार झाला, पाच आदिवासी हुतात्मे झाले. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तिचे मूलभूत तत्त्व होते. स्वतंत्र भारताने वेठ कायद्याने संपवली. भोर समितीला मात्र कपाटात बंद केले.

हे तत्त्व अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी ज्युलियन ट्यूडर हार्ट या समाजवादी डॉक्टरचे उदाहरण पुरेसे आहे. वेल्समधील ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या खेड्यात त्यांनी प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला, प्रत्येकाची नोंद ठेवली आणि जो आला नाही त्याच्या घरी निरोप धाडला. पंचवीस वर्षांनी, १९९१ मध्ये, त्यांनी हिशेब मांडला तेव्हा शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत तेथील अकाली मृत्यू पाव हिश्शाहून अधिक घटलेले आढळले. यासाठी लागले ते रक्तदाबाचे यंत्र, नोंदवही, गोळ्या आणि सार्वजनिक आरोग्यसेवा. वैद्यकीय सेवेची गरज जेथे सर्वांत जास्त तेथे ती सर्वांत कमी, आणि बाजाराचा हात जितका मोकळा तितकी ही विषमता अधिक, हा नियमही त्यांनीच १९७१ मध्ये मांडला. डहाणू-तलासरी हा त्या नियमाचा जिवंत पुरावा आहे. तलासरीचा रुग्ण सिल्वासा, वापी, वलसाडकडे धावतो; आपल्या राज्याची राजधानी त्याला परराज्याहून परकी झाली आहे.

आपल्या मागण्या

तेव्हा हळहळ पुरे. मागण्या स्पष्ट हव्यात.

पहिली: तिशीपुढील प्रत्येक स्त्री-पुरुषाचा रक्तदाब उपकेंद्रात मोजला जावा आणि औषधे दोन-दोन महिन्यांची, खंड न पडता मिळावीत. दिवाळीनंतर गाव सोडून वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराला त्याच कार्डावर तेथील सरकारी केंद्रात गोळी मिळावी. स्थलांतरात गोळी तुटते, आणि गोळी तुटली की माणूस पडतो.

दुसरी: डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात मेंदूचा सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चोवीस तास उपलब्ध असावे. हे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. मुंबईची वाट धरण्यातच ते तास संपतात.

तिसरी: तालुक्यात मानेची डॉप्लर तपासणी व्हावी आणि ज्याला शस्त्रक्रियेची गरज आहे त्याला चौदा दिवसांच्या आत मुंबईतील सरकारी वा पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात खाट मिळावी, प्रवासखर्च आणि सोबत्याची बुडीत मजुरी यांसह.

चौथी: मानेच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घालावी आणि ही शस्त्रक्रिया वा स्टेंट करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आपले निकाल प्रसिद्ध करावेत.

पाचवी: सिकलसेल असलेल्या प्रत्येक बालकाची डोक्याची डॉप्लर तपासणी वर्षातून एकदा व्हावी.

या मागण्यांना कायद्याचा आधार आहे. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या याचिकेवर दिला. एका शेतमजूर संघटनेने तो सर्व देशासाठी मिळवला, हे आपण विसरू नये. आपले दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतील आहेत. पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत, पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळतो.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील ग्रामसभेत हा विषय घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे: गेल्या बारा महिन्यांत रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस शिल्लक नव्हत्या? किती रुग्णांना पक्षाघाताच्या संशयावरून पुढे पाठवले, आणि ते कोठे पोचले? मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत? उत्तरे हाती आली की मोर्चाची मागणीपत्रके आपोआप लिहिली जातील.

आणि तोवर, मोर्च्याची वाट न पाहता, प्रत्येक कार्यकर्त्याने पाड्यापाड्यावर एवढे तरी सांगावे: तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली किंवा एका डोळ्यापुढे अंधारी आली, तर ती पाच मिनिटांत बरी झाली तरीही १०८ ला फोन करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. भगताकडे जायचे असेल त्याने जावे, पण दवाखान्यातून परतल्यावर. मिश्री आणि बिडी सोडण्याचा उपदेशही करावा, पण पहिल्यांदा स्वतः सोडून.

१९४५ पूर्वी सावकाराची वेठ हीसुद्धा नशिबाची गोष्ट मानली जात होती. परुळेकरांनी आणि वारल्यांनी मिळून दाखवून दिले की ती माणसांनी केलेली व्यवस्था होती आणि माणसांनाच ती मोडता येते. तलासरीचा आमचा तो कॉम्रेड आज पडवीत बसून असतो. डाव्या हाताने सभेची पावती फाडतो, उजवा मांडीवर पडलेला असतो. तो हात त्याच्या नशिबाने गेलेला नाही, एका व्यवस्थेने तो नेला आहे. त्याच्या पाड्यावरचा दुसरा हात जाऊ नये, याची जबाबदारी आता आपली आहे.